शिक्षणातील सचेतन चित्रे : फाळके यांच्या अंकुरापासून ऑनलाइन अभ्यासक्रमापर्यंत

प्रस्तावना

ऑनलाइन अभ्यासक्रम हा आता महाविद्यालयीन अध्यापनाचा एक मान्य भाग झाला आहे. भारत सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांना श्रेयांक देण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत २० टक्के ठेवली होती. २०२१ च्या विनियमांत ती ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. त्यामुळे पूर्वी केवळ वर्गात शिकविणाऱ्या अध्यापकावर आता पडद्यासाठी पाठ रचण्याचीही जबाबदारी येत आहे. असा पाठ रचताना 'यात ॲनिमेशन आहे काय?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. हलते चित्र असले की पाठ आकर्षक होतो आणि आकर्षक पाठ विद्यार्थ्याला समजतो, असे त्यामागचे गृहीतक असते.

हे गृहीतक नवे नाही. चलच्चित्राचा जन्म झाल्यापासून प्रत्येक पिढीने ते नव्या साधनाच्या संदर्भात मांडले आहे. प्रस्तुत निबंधात सचेतन चित्रांच्या शैक्षणिक वापराचा, विशेषतः भारतातील वापराचा, ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. या इतिहासातून एक गोष्ट पुनःपुन्हा स्पष्ट होते. जेथे हालचाल हाच शिकविण्याचा विषय होता आणि पाहणाऱ्याला विचार करण्यास अवसर होता, तेथे सचेतन चित्राने ज्ञानात भर घातली. जेथे हालचाल ही केवळ सजावट होती, तेथे तिने लक्ष वेधले. परंतु आकलन वाढविले नाही.

स्थिर चित्र आणि चालता शब्द

चित्राच्या साहाय्याने सांगण्याची परंपरा महाराष्ट्रात चित्रपटापेक्षा जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची कला जतन केली आहे. रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाची चित्रे पोथीच्या स्वरूपात एकत्र ठेवलेली असतात. चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने त्या प्रसंगाचे निरूपण करतो. प्रसंग संपला की ते चित्र बाजूला होते व पुढचे समोर येते.

येथे चित्र स्थिर असते व कथन गतिमान असते. कोणत्या चित्रावर किती काळ थांबावयाचे, हे निरूपणकार श्रोत्यांकडे पाहून ठरवितो. चित्र आणि शब्द एकाच वेळी समोर येतात व एकाच प्रसंगाविषयी बोलतात. चित्रकथी हा शालेय अर्थाने शिक्षक नव्हता. परंतु दृश्य आणि निरूपण यांचा मेळ कसा घालावा, याचे व्यावहारिक ज्ञान या परंपरेत होते. पुढे यंत्राने चित्राला गती दिली, तेव्हा हा मेळ आपोआप साधेल असे मानले गेले. प्रत्यक्षात तो बिघडण्याची शक्यता त्याच क्षणी निर्माण झाली, कारण थांबण्याचा अधिकार निरूपणकाराच्या हातून यंत्राकडे गेला.

फाळके यांचा अंकुर

भारतातील चलच्चित्राच्या आरंभीच एक वनस्पतिशास्त्राचा पाठ आढळतो. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा व इतर सामग्री घेऊन परतले. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्यापूर्वी त्यांनी 'अंकुराची वाढ' हा अगदी छोटा चित्रपट तयार केला होता. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी महिनाभराहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने त्याची चित्रे घेतली. पडद्यावर मात्र बीजाला कोंब फुटून त्याचा वेल होण्यास मिनिटभराचाच अवधी लागला.

हा चित्रपट वर्गासाठी केलेला नव्हता. भांडवल देऊ शकणाऱ्यांना नव्या कलेचे सामर्थ्य पटवून देणे, हा त्याचा उद्देश होता. तरीही शैक्षणिक दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. रोपाची वाढ प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर घडते. परंतु ती इतकी संथ असते की डोळ्यांना कधीच दिसत नाही. फाळके यांनी काळ आकुंचित करून ती दृश्य केली. येथे गती वरून चिकटविलेली नव्हती. ती त्या वनस्पतीचीच होती. दुसरे असे की, त्या चित्रपटात एकच घटना होती आणि पाहणाऱ्याचे लक्ष विचलित करणारे दुसरे काहीही नव्हते. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये फुलांच्या उमलण्यावर याच तंत्राने चित्रपट केला होता. जगाच्या दोन टोकांना जवळजवळ एकाच काळात दोन प्रयोगशील व्यक्तींना कालसंक्षेपासाठी वनस्पतीच सुचावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

फाळके यांनी पुढे 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगकाड्यांची एकेक चौकट टिपून त्यांना चालते केले. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखविणारा लघुपटही त्यांनी काढला. आगकाड्यांचा लघुपट मनोरंजनासाठी होता व अंकुराचा दाखला देण्यासाठी. तंत्र मात्र दोहोंचे एकच होते. कोणत्या प्रयोजनासाठी चौकटी जोडावयाच्या, हा निर्णय तंत्राबाहेरचा आहे, याची जाणीव या दोन कृती शेजारी ठेवल्या असता होते.

आशेचा पहिला काळ

ज्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, त्याच १९१३ मध्ये अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, मुले डोळ्यांवाटे शिकतील आणि दहा वर्षांत शाळांचे स्वरूप पूर्णतः पालटेल, असे भाकीत केले. ते खरे ठरले नाही. चित्रपट शाळेत आला. पण पाठ्यपुस्तक व शिक्षक यांची जागा त्याने घेतली नाही.

मर्यादित क्षेत्रात मात्र सचेतन चित्राने आपली उपयुक्तता सिद्ध केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यासाठी प्रशिक्षणपर सचेतनपट तयार झाले. त्या कामात सहभागी असलेले मॅक्स फ्लायशर यांनी १९२३ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांतावर शैक्षणिक चित्रपट प्रसृत केला. शस्त्राच्या आतील यंत्रणा असो वा प्रकाशाचा प्रवास असो, कॅमेरा जेथे पोहोचू शकत नाही तेथे रेखाटन पोहोचते, हे या प्रयत्नांमागचे सूत्र होते.

याच सूत्राचा पुढचा टप्पा १९८५ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या 'द मेकॅनिकल युनिव्हर्स' या ५२ भागांच्या भौतिकशास्त्राच्या मालिकेत दिसतो. डेव्हिड गुडस्टीन यांच्या व्याख्यानांना जिम ब्लिन यांच्या संगणकीय सचेतन चित्रांची जोड होती. त्यांत केवळ ग्रह व गोळे हलत नव्हते. समीकरणातील पदेही एका बाजूकडून दुसरीकडे जात, परस्परांना छेदत व नाहीशी होत. फळ्यावर पुसून पुन्हा लिहिताना जी बैजिक क्रिया विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते, तीच येथे दृश्य झाली.

भारतातील संस्थात्मक प्रयत्न

स्वातंत्र्योत्तर भारतात सचेतन चित्राला संस्थेचे अधिष्ठान मिळाले ते फिल्म्स डिव्हिजनमुळे. मुंबईतील या शासकीय संस्थेत १९५६ मध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी येथील कलावंतांना प्रशिक्षण दिले. जातककथेवर आधारित 'द बनियन डिअर' हा चित्रपट १९५७ मध्ये या विभागातून बाहेर पडला. पुढे कुटुंबनियोजन, आरोग्य, बचत अशा विषयांवर लघुपट निघाले व चित्रपटगृहांतून मुख्य चित्रपटापूर्वी दाखविले गेले.

या परंपरेतील सर्वांत लक्षात राहिलेली कृती म्हणजे १९७४ चा 'एक अनेक और एकता'. मुंबईत जन्मलेल्या शिक्षणतज्ज्ञ व चित्रपटकर्त्या विजया मुळे यांच्या या लघुपटाचे सचेतन चित्रण भीमसेन यांच्या हातचे होते. 'एक' व 'अनेक' या व्याकरणातील कल्पनांपासून आरंभ करून तो एकतेच्या सामाजिक कल्पनेपर्यंत जातो. एक पक्षी, मग अनेक पक्षी, मग जाळ्यासह उडणारा थवा, या क्रमात संख्या वाढताना प्रत्यक्ष दिसते. 'अनेक' ही कल्पना शब्दाने सांगण्यापूर्वीच चित्राने प्रस्थापित होते. दूरदर्शनवर वारंवार दाखविल्या गेलेल्या या लघुपटाची आठवण एका संपूर्ण पिढीच्या मनात टिकली, याचे श्रेय गीताला जेवढे आहे तेवढेच या क्रमबद्ध रचनेलाही आहे.

यानंतरचा मोठा प्रयोग उपग्रहाचा होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत 'साइट' या प्रयोगाचे कार्यक्रम पोहोचले. एकनाथ चिटणीस हे या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते. सकाळी प्राथमिक शाळेतील मुलांसाठी व सायंकाळी प्रौढांसाठी प्रक्षेपण होई. मुलांपुरते पाहता, भाषेची वाढ व जिज्ञासा या बाबतींत लाभ झाल्याचे मूल्यमापनात आढळले. शालेय परीक्षेतील संपादनात तसा लाभ दिसला नाही. या प्रयोगातील एक अंग पुष्कळदा दुर्लक्षित राहते. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी दूरचित्रवाणीला रेडिओ, मुद्रित साहित्य, प्रत्यक्ष कृती व चर्चा यांची जोड देण्यात आली आणि सुमारे ५० हजार शिक्षकांनी त्याचा लाभ घेतला. पडद्याभोवती मानवी व्यवस्था उभी करावी लागते, हे या प्रयोगाच्या आयोजकांनी ओळखले होते.

उच्च शिक्षणात १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' हे कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होऊ लागले. त्यांच्या निर्मितीसाठी पुणे विद्यापीठासह निवडक ठिकाणी शैक्षणिक माध्यम केंद्रे स्थापन झाली. अनेक कार्यक्रमांत आकृत्या व सचेतन चित्रे असत. मात्र प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे. तास चालू असताना कार्यक्रम लागला तर तो पाहता येत नसे आणि पाहताना एखादा मुद्दा निसटला तर मागे जाता येत नसे. चित्रकथीच्या काळी निरूपणकाराकडे असलेला थांबण्याचा अधिकार येथे कोणाकडेच उरला नव्हता.

संशोधनाने दिलेला इशारा

सचेतन चित्रामुळे खरोखर किती शिकले जाते, याचा पद्धतशीर शोध विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सुरू झाला. रिचर्ड मेयर व रिचर्ड अँडरसन यांनी १९९१ मध्ये सायकलला हवा भरण्याच्या पंपाचे कार्य दाखविणारे सचेतन चित्र प्रयोगासाठी घेतले. ज्यांनी चित्र पाहतानाच निवेदन ऐकले, त्यांनी समस्या सोडविण्यात अधिक चांगली कामगिरी केली. निवेदन आधी ऐकून नंतर चित्र पाहणारे मागे पडले. शब्द व दृश्य यांची समकालिकता चित्रकथीच्या परंपरेत स्वाभाविक होती. प्रयोगशाळेने तिची उपयुक्तता दाखवून दिली.

बार्बरा ट्वेर्स्की, ज्युली मॉरिसन व मिरेल बेट्रानकूर यांनी २००२ मध्ये तोपर्यंतच्या अभ्यासांची चिकित्सा केली. सचेतन चित्र स्थिर चित्रापेक्षा सरस ठरल्याचे सांगणाऱ्या अनेक अभ्यासांत दोन्ही चित्रांतील माहिती समान नव्हतीच. सचेतन चित्रात अधिक तपशील होता, असे त्यांनी दाखविले. श्रेय गतीला दिले गेले. ते माहितीचे होते. त्यांनी दोन कसोट्या सुचविल्या. चित्राची रचना विषयाच्या रचनेशी जुळली पाहिजे आणि पाहणाऱ्याला ती नेमकेपणाने टिपता आली पाहिजे. पुष्कळ सचेतन चित्रे पहिल्या कसोटीला उतरतात व दुसऱ्या कसोटीला नापास होतात, कारण ती फार गुंतागुंतीची किंवा फार वेगवान असतात.

हवामानाच्या हलत्या नकाशांवर रिचर्ड लो यांनी केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. विषयात नवखे असलेले विद्यार्थी नकाशावर जे ठळकपणे हलते ते टिपत. हवामानशास्त्राच्या दृष्टीने जे महत्त्वाचे ते त्यांच्या नजरेतून सुटे. मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वीज कशी पडते, फ्लशची टाकी कशी चालते, समुद्राच्या लाटा कशा निर्माण होतात व मोटारीचे ब्रेक कसे कार्य करतात, हे चार पाठ दोन प्रकारे शिकविले. एका गटाला निवेदनासह सचेतन चित्र व दुसऱ्याला कागदावरील स्थिर आकृत्या व मजकूर दिला. आठ तुलनांपैकी चार तुलनांत कागदाचा गट लक्षणीयरीत्या पुढे होता. उरलेल्या चारांत लक्षणीय फरक नव्हता. स्थिर आकृत्यांमधील हालचाल विद्यार्थ्याला स्वतःच्या मनात घडवावी लागते आणि हे मानसिक श्रमच आकलनाला उपकारक ठरतात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

या निष्कर्षांवरून सचेतन चित्र निरुपयोगी आहे असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. टिम ह्योफलर व डेटलेव्ह लॉयट्नर यांनी २००७ मध्ये २६ अभ्यासांतील ७६ तुलनांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात सचेतन चित्राच्या बाजूने ०.३७ इतका मध्यम स्वरूपाचा सरासरी परिणाम आढळला. शिकावयाचा विषयच चित्रात दाखविलेला असेल तेव्हा हा लाभ दिसतो, चित्र केवळ शोभेचे असेल तर दिसत नाही. हाताने करावयाच्या कृती शिकविताना तो विशेष मोठा असतो. अर्थात दोरी कशी गाठवावी किंवा उपकरण कसे जोडावे, हे हलत्या चित्रातून चांगले शिकता येते. एखाद्या सिद्धांताच्या नावाला पडद्यावर गिरक्या घ्यावयास लावून तो सिद्धांत समजत नाही.

ऑनलाइन अभ्यासक्रम : जुना प्रश्न, नवी संधी

आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांचा 'एनपीटीईएल' उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. आयआयटी मुंबईतील 'ऑस्कर' प्रकल्पात विद्यार्थी व अध्यापक यांनी मिळून अध्यापनासाठी सचेतन चित्रांचा मुक्त संग्रह उभारला. कोलोराडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये आरंभलेल्या 'फेट' प्रकल्पातील प्रतिकृती विद्यार्थ्याला स्वतः हाताळता येतात व त्यांतील अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. फाळके यांच्या प्रेक्षकाला अंकुर फक्त पाहता येत होता. येथे विद्यार्थ्याला प्रवाह, रोध वा तापमान बदलून परिणाम पाहता येतो.

या माध्यमाने थांबण्याचा अधिकारही परत आणला. रिचर्ड मेयर व पॉल चँडलर यांनी २००१ मध्ये विजेच्या निर्मितीवरील सचेतन पाठ १६ लहान खंडांत विभागला व पुढे जाण्याची कळ विद्यार्थ्याच्या हाती दिली. अखंड पाठ पाहणाऱ्यांपेक्षा खंडशः पाहणाऱ्यांना ज्ञानाचे उपयोजन अधिक चांगले करता आले. २०१४ मध्ये फिलिप ग्वो, जुहो किम व रॉब रुबिन यांनी एडएक्सवरील अभ्यासक्रमांतील ६९ लाख चित्रफीत-दर्शनांचा अभ्यास केला. सहा मिनिटांपर्यंतच्या चित्रफितींत विद्यार्थी अधिक गुंतून राहतात आणि निव्वळ स्लाइडपेक्षा हाताने रेखाटत जाणारी मांडणी अधिक धरून ठेवते, असे त्यांना दिसले. हाताने रेखाटलेली रेषा विचाराच्या वेगानेच पुढे सरकते. फळ्यावरील खडूचा हा जुना गुण आहे.

संधीबरोबर धोकाही आला. २००० नंतरच्या दशकात असंख्य शैक्षणिक सचेतन चित्रे फ्लॅश या तंत्रात तयार झाली. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरला असलेला आधार काढून घेतला व त्यानंतर ब्राउझरमध्ये ती चालेनाशी झाली. 'फेट'सारख्या प्रकल्पांनी आपले साहित्य नव्या प्रणालीत आणले. ज्यांच्याकडे मनुष्यबळ व निधी नव्हता, त्यांचे अनेक वर्षांचे श्रम वाया गेले. पिंगुळीच्या पोथ्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या. संगणकावरील धडे दोन दशकेही टिकले नाहीत. ऑनलाइन पाठ रचणाऱ्या महाविद्यालयाने मूळ आराखडा, संहिता व आकृत्या मुक्त स्वरूपात जतन करून ठेवणे, हा म्हणून तांत्रिक नव्हे तर शैक्षणिक जबाबदारीचा भाग ठरतो.

समारोप

शंभराहून अधिक वर्षांच्या या प्रवासात साधने बदलली; प्रश्न मात्र बदलला नाही. एडिसन यांच्या भाकितात साधनाला जे स्थान होते, तेच आज अनेकदा सॉफ्टवेअरला दिले जाते. पाठात ॲनिमेशन आहे की नाही, याची नोंद होते. ते कशासाठी आहे, याची होत नाही. परिणामी अपुऱ्या साधनसामग्रीचा अध्यापक स्वतःला उणा समजतो आणि सजावटीने नटलेला पाठ दर्जेदार मानला जातो. यात नुकसान विद्यार्थ्याचे होते. मोबाइलवरील मर्यादित डेटा खर्चून तो जे पाहतो, त्यातून त्याला विषय समजला नाही तर दोष तो स्वतःच्याच बुद्धीला देतो.

या पार्श्वभूमीवर सचेतन चित्राचा अवलंब करण्यापूर्वी चार प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. शिकवावयाच्या विषयात काळानुसार होणारा किंवा डोळ्यांना न दिसणारा बदल आहे काय? पडद्यावरील हालचाल त्याच बदलाची आहे काय? निवेदन व दृश्य एकाच वेळी एकाच गोष्टीविषयी बोलतात काय? आणि विद्यार्थ्याला थांबण्याची, मागे जाण्याची व स्वतः करून पाहण्याची मुभा आहे काय? पेशीविभाजन, दट्ट्याची हालचाल, लाटेचे प्रसरण किंवा सीमारेषांचा ऐतिहासिक बदल या विषयांत या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येतील. एखादी व्याख्या, वर्गीकरण वा युक्तिवाद शिकविताना ती बहुधा नकारार्थी येतील. तेथे एक स्वच्छ स्थिर आकृती आणि अध्यापकाचे सावकाश निरूपण अधिक कामाचे ठरेल.

१९१२ मध्ये वाटाण्याच्या एका अंकुरासाठी फाळके महिनाभराहून अधिक काळ कॅमेऱ्यापाशी राहिले, कारण जे दाखवावयाचे होते ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने दाखविता येण्यासारखे नव्हते. ऑनलाइन अभ्यासक्रमातील प्रत्येक सचेतन चित्राला हीच कसोटी लावली, तर अशी चित्रे संख्येने कमी होतील. परंतु जी उरतील ती विद्यार्थ्याच्या उपयोगी पडतील.